गोष्टीतलं पात्र म्हणजे घडा? (तिसरीच्या मुलांना पात्र आणि स्थळ कसं शिकवता?)

खडूधूळ (धागाकर्ती)

गेल्या आठवड्यात तिसरीच्या वर्गात तहानलेल्या कावळ्याची गोष्ट घेतली आणि फळ्यावर प्रश्न लिहिला: 'या गोष्टीतील पात्र कोणते?' एकतीस वह्यांपैकी चार वह्यांत उत्तर होतं, घडा. एका पठ्ठ्याने तर अरुंद गळ्याचा, पोटाला फुगीर, तळाशी जरासं पाणी असलेला घडा काढून त्याखाली झोकात 'पात्र' असं लिहिलं होतं. आधी हसले, मग विचार केला की यात त्याचं काय चुकलं? पाणी ठेवतात ते पात्र, नदी वाहते तेही पात्र. मी शब्द वापरला, पण तो कशाला म्हणतात ते सांगितलंच नव्हतं.

ते निस्तरायला वेळ लागला नाही. 'गोष्टीत ज्याला काहीतरी हवं असतं आणि त्यासाठी जो काहीतरी करतो, तो पात्र' असं सांगितलं. घडा बाद झाला. निदान मला तसं वाटलं.

खरी अडचण पुढेच आहे. स्वभाव विचारला की सगळी पात्रं हुशार, शूर, प्रेमळ नाहीतर दुष्ट. स्थळ विचारलं की जंगल. काळ विचारला की 'एकदा'. चूक म्हणता येत नाही आणि बरोबर म्हणवत नाही. कृतिपत्रिकेत शेजारी शेजारी दोन चौकटी असतात, मुलं त्या दोन मिनिटांत भरून माझ्याकडे बघत बसतात. गोष्ट वाचली काय नि न वाचली काय, चौकटीत तेच येणार.

तुम्ही काय करता? वय आठ-नऊ. वर्ग सरमिसळ आहे, सात-आठ जण अजून अक्षर लावत लावत वाचतात.

---

पाटीपेन्सिल

घड्याचं चित्र जपून ठेवा हो, फेकू नका. :)

माझ्या वर्गात एकच नियम आहे, 'बोट ठेव'. विशेषण कुठलंही द्या, पण ते गोष्टीतल्या कुठल्या वाक्यातून कळलं त्या वाक्यावर बोट ठेवायचं. बोट ठेवता आलं नाही तर विशेषण परत घ्यायचं. पहिले पंधरा दिवस मुलं वैतागतात. 'कावळा हुशार आहे' म्हणतात आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवतात, कारण तिथे 'हुशार कावळा' असं छापलेलंच असतं. मग मी ती ओळ पट्टीने झाकते. आता सांगा. मग कुणीतरी खडे टाकण्याच्या वाक्यावर येतं, आणि कुणीतरी म्हणतं, 'बाई, एक खडा टाकला तेव्हा पाणी वर आलं नव्हतं, तरी तो टाकत राहिला.' झालं की! 'हुशार'च्या जागी चिकाटी आली आणि ती मुलाने शोधली.

दुसरं, क्रियापदं. आपल्या भाषेत 'म्हणाला'ला इतके भाऊबंद आहेत: पुटपुटला, खेकसला, कुजबुजला, विनवलं, दरडावलं, फिस्कारला. मी फळ्यावर 'ये इकडे' एवढंच लिहिते आणि चिठ्ठीत निघालेल्या क्रियापदाप्रमाणे मुलांनी ते म्हणून दाखवायचं. बाकीच्यांनी ओळखायचं की बोलणारा कोण असेल, कुणाशी बोलतोय आणि कुठे. कुजबुजून 'ये इकडे' म्हटलं की जागा आपोआप बदलते. कुणी म्हणतं लपलेत, कुणी म्हणतं शेजारी बाळ झोपलंय.

'तू' आणि 'तुम्ही'ही विसरू नका. एखादं पात्र गोष्टीच्या मध्यावर 'अहो' वरून 'अरे' वर घसरलं, तर तिथे काहीतरी बिनसलंय हे दुसरीतल्या पोरालाही कळतं. फक्त त्याला तिथे थांबवावं लागतं.

---

उंटावरचा_शहाणा

मला यातलं बरंचसं अनाठायी वाटतं. गोष्ट ऐकावी, हसावं, घाबरावं, झोपावं. बेडकाची चिरफाड केली की बेडूक समजतो, पण मरतो. आठ वर्षांच्या मुलांकडून व्यक्तिरेखेचं विश्लेषण कशाला? आम्हाला कुणी शिकवलं होतं?

---

पाटीपेन्सिल

तुमचं नावच सगळं सांगतं, हलके घ्या. :)

आम्हाला शिकवलं नव्हतं हे खरं. म्हणूनच आमच्यापैकी निम्मे अजून कुठल्याही माणसाला 'चांगला' आणि 'वाईट' या दोनच खणांत टाकतात.

---

कान_देऊन

मी वाचनात मागे पडणाऱ्या मुलांबरोबर काम करते, त्यामुळे त्या सात-आठ जणांबद्दल बोलते.

अक्षर लावण्यातच सगळी ताकद खर्च होत असेल तर पात्राकडे बघायला डोकं शिल्लक राहत नाही. त्यांना तेच पान तुम्ही वाचून दाखवा. ऐकून समजण्यात यातली बरीच मुलं कमी नसतात. उलट, ज्यांना वाचता येत नाही त्यांना ऐकायची सवय जास्त असते, हा माझा अनुभव.

आणि चित्रं! चित्रं आधी दाखवू नका. इझाबेल बेक आणि मार्गारेट मॅककियोन या वाचनाच्या अभ्यासकांनी 2001 साली वाचून दाखवण्याबद्दल एक लेख लिहिला होता. त्यांचं निरीक्षण असं की लहान मुलं प्रश्नाचं उत्तर देताना ऐकलेल्या वाक्यांपेक्षा चित्राचा आणि स्वतःला आधीच माहीत असलेल्या गोष्टींचा आधार जास्त घेतात. म्हणून त्यांनी सुचवलं की आधी मजकूर वाचायचा, त्यावर बोलायचं आणि मग चित्र दाखवायचं. मी तेव्हापासून तसंच करते. फरक पहिल्याच दिवशी दिसला. चित्र समोर असताना 'कुठे घडतंय?' विचारलं की मुलं चित्रातली झाडं मोजतात. चित्र झाकलं की कान टवकारतात, 'चिखल म्हणाल्या ना बाई, म्हणजे पाऊस पडून गेलाय.'

तुमच्या 'जंगल' उत्तरांमागे पुस्तकातली चित्रं असणार असा माझा कयास आहे.

---

झोपलेला_ससा

स्थळाबद्दल माझी युक्ती: 'स्थळ कोणतं?' हा प्रश्नच विचारायचा नाही. त्याऐवजी ते बदलायचं आणि गोष्ट मोडते का ते बघायचं.

ससा-कासवाची शर्यत घ्या. सगळ्यांना पाठ. मी विचारलं, 'समजा त्या दिवशी धो धो पाऊस पडत असता तर?' दोन सेकंद शांतता. मग एक जण म्हणाला, 'ससा झोपलाच नसता.' दुसरी म्हणाली, 'मग ससाच जिंकला असता.' तिसरा म्हणाला, 'मग ही गोष्ट कुणी सांगितलीच नसती.' या तिसऱ्याला काय म्हणावं!

मग विचारलं, शर्यत तळ्यात असती तर? रस्त्यात सावलीचं झाड नसतं तर? शर्यत बघायला सगळे प्राणी वाटेत दुतर्फा उभे असते तर? या शेवटच्या प्रश्नावर मस्त वाद झाला. काही म्हणाले, सगळ्यांसमोर तो झोपला नसता, लाज वाटली असती. बाकीचे म्हणाले, मुद्दाम झोपला असता, शायनिंग मारायला. म्हणजे प्रश्न जागेचा होता आणि उत्तर सशाच्या स्वभावाचं आलं. मला वाटतं त्या दोन चौकटींची गोची इथेच आहे. पात्र एका चौकटीत आणि स्थळ दुसऱ्या, मध्ये भिंत. गोष्टीत अशी भिंत नसतेच.

---

एक_बाबा

शिक्षक नाही, नुसता बाप. रात्री मुलीला वाचून दाखवतो. तिचा एकच प्रश्न असतो, 'मग काय झालं?' वरचं सगळं वाचून मी काल दर पानाला थांबून 'त्याला काय वाटलं असेल?' विचारायला लागलो. तिसऱ्या पानावर तिने पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं. चुकलं का काही?

---

कान_देऊन

@एक_बाबा, हो. :) पहिल्या वाचनात थांबायचं नाही. तिला 'मग काय झालं' हवंय ते देऊन टाका. गोष्ट आवडली तर ती उद्या परत मागेल, परवा परत मागेल. एकदा काय होणार ते माहीत झालं की मग लक्ष माणसांकडे जातं. तेव्हा एकच प्रश्न, एकाच ठिकाणी. आणि तुम्हाला स्वतःला खरंच उत्तर माहीत नसेल असा. मुलांना परीक्षेचा वास लगेच येतो.

---

वाळवी

(नाव पुस्तकांमुळे, घराशी संबंध नाही.)

थोडं मागचं सांगतो, कारण 'मुलांना हे झेपतं का' या प्रश्नावर बरंच काम झालेलं आहे.

गोष्टीलाही व्याकरण असतं ही कल्पना 1970च्या दशकात मानसशास्त्रज्ञांनी मांडली. डेव्हिड रुमेलहार्ट यांनी 1975 साली केलेल्या मांडणीत गोष्टीचा पहिला घटकच स्थळ-काळ-पात्रांची ओळख हा आहे, आणि त्यानंतर प्रसंग. नॅन्सी स्टाइन आणि क्रिस्टीन ग्लेन यांनी 1979 मध्ये प्रसंगाचे आणखी तुकडे केले: काहीतरी घडतं, पात्राच्या मनात काहीतरी उमटतं, ते प्रयत्न करतं, त्याचा परिणाम होतो आणि त्यावर प्रतिक्रिया येते. आपल्या कृतिपत्रिकांतल्या चौकटी याच वळणाच्या आहेत. गंमत अशी की या साखळीतला 'मनात उमटतं' हा दुवा गोष्टींमध्ये बऱ्याचदा लिहिलेलाच नसतो. 'कावळ्याला घडा दिसला. त्याने आत डोकावलं. त्याने खडा उचलला.' डोकावणं आणि खडा उचलणं यांच्या मध्ये काय झालं? तिथे वाक्य नाही. ती फट वाचणाऱ्याने भरायची.

आणि झेपतं का? हाइन्झ विमर आणि योझेफ पेर्नर यांचा 1983 चा प्रयोग प्रसिद्ध आहे. गोष्ट अशी: एक मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो. तो नसताना आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. मुलगा परत येतो. तो कुठे शोधेल? बरोबर उत्तर पहिलं कपाट, कारण हलवल्याचं त्याला माहीतच नाही. तीन-चार वर्षांच्या एकाही मुलाला हे जमलं नाही. चार ते सहा वर्षांच्या 57 टक्के मुलांना जमलं, सहा ते नऊ वर्षांच्या 86 टक्के मुलांना. म्हणजे पात्राला जे माहीत आहे ते आणि मला जे माहीत आहे ते वेगळं असू शकतं, हे तुमच्या तिसरीतल्या बहुतेकांना कळतं. फक्त कृतिपत्रिका ते कधी विचारत नाही.

म्हणून माझी एक सूचना. 'स्वभाव लिहा' खोडा आणि तिथे लिहा: 'याला काय हवंय? याला काय माहीत नाही?'

अवांतर: इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी 1927 साली केंब्रिजमध्ये दिलेल्या व्याख्यानांत सपाट आणि गोलाकार पात्रं असा भेद केला होता. एका वाक्यात मावतं ते सपाट, आणि पटेल अशा रीतीने आपल्याला चकित करू शकतं ते गोलाकार. तिसरीत हे शब्द अजिबात नकोत, पण शिक्षकाच्या डोक्यात असले तर एक चूक टळते. लोककथांतले कोल्हे आणि ससे सपाटच असतात आणि तसेच असायला हवेत. त्यांच्यात खोली शोधायला लावलं की मुलं बिचारी काहीतरी बनवून सांगतात.

---

उंटावरचा_शहाणा

@वाळवी, शेवटचा परिच्छेद पटला. म्हणजे माझाच मुद्दा जरा सुटाबुटात आला.

पण मग खडूधूळबाईंनी कावळ्याची गोष्ट घेऊन स्वभाव का विचारावा? गोष्टच बदला की.

---

खडूधूळ

@उंटावरचा_शहाणा, हे मात्र शंभर नंबरी. परवा बदलली.

पाठ्यपुस्तकात हवी तशी सापडेना, म्हणून रात्री स्वतःच सहा-सात ओळी लिहिल्या. चित्र नाही, शीर्षक नाही, तात्पर्य तर नाहीच. (तात्पर्याची सवय इतकी मुरलीय की गोष्ट संपायच्या आत दोन हात वर असतात: 'बाई, गर्वाचं घर खाली!') मी दोनदा वाचून दाखवल्या:

*दार बंद होतं. मीराने खिसा चाचपला. मग दप्तर उलटं केलं. किल्ली नव्हती. जिन्यातला दिवा गेलेला होता. वरच्या मजल्यावरून कुणीतरी खाली येत होतं, चपला फटफट वाजत होत्या. मीरा भिंतीला चिकटून उभी राहिली आणि मोठमोठ्याने तेराचा पाढा म्हणू लागली.*

पहिलं उत्तर, अपेक्षेप्रमाणे: 'मीरा हुशार आहे.' बोट ठेव म्हटलं. त्याने थेट तेराच्या पाढ्यावर ठेवलं. म्हणजे पाटीपेन्सिल यांचा नियम पाळूनही गाडी रुळावरून घसरू शकते!

मी काही म्हणाले नाही. झोपलेला_ससा यांची युक्ती काढली. विचारलं, 'आता जिन्यातला दिवा लागला. आता मीरा काय करेल?'

मागच्या बाकावरून आवाज आला, 'मग पाढा कशाला म्हणेल?'

आणि वर्ग फुटला. 'अंधार आहे म्हणून म्हणतेय.' 'भीती वाटतेय तिला.' 'मी पण म्हणतो, पण गाणं म्हणतो.' 'मोठ्याने का म्हणतेय? लपायचं तर हळू म्हणायला पाहिजे ना.' या शेवटच्या वाक्यावर मी खडू खाली ठेवला. कारण ते मला लिहितानाही सुचलं नव्हतं. भिंतीला चिकटली म्हणजे लपतेय, आणि मोठ्याने म्हणतेय म्हणजे लपत नाहीये. दोन्ही एकदम कसं? एकीने उत्तर दिलं, 'तिला वाटतं वरच्या माणसाने तिला बघू नये, पण घरात कुणी असेल तर त्यांनी ऐकावं.' ज्याने 'हुशार' म्हटलं होतं तो लगेच म्हणाला, 'म्हणजे हुशारच!' आता हे मी चूक कसं धरू?

मग वाळवी यांचा प्रश्न, मीराला काय माहीत नाही? सगळ्यांचं एकमत झालं की चपला कुणाच्या ते तिला माहीत नाही. तेवढ्यात अक्षर लावत वाचणाऱ्यांपैकी एक जण, वर्गात कधी हात वर न करणारा, म्हणाला, 'आपल्याला पण माहीत नाही.' आजवर आम्ही वाचलेल्या सगळ्या गोष्टींत आपल्याला पात्रापेक्षा जास्त माहीत असायचं, इथे तेवढंच आहे. त्याला ते जाणवलं. असं वाक्यात नाही सांगता आलं त्याला, पण जाणवलं.

शेवटी जागा बदलून लिहायला दिलं. तीच मीरा, तीच हरवलेली किल्ली, पण दुपार आणि मैदान. बहुतेकांच्या मीराने सरळ मैत्रिणीचं घर गाठलं. दोघांनी लिहिलं की मैदानात किल्ली हरवली याचं तिला काहीच वाटलं नाही, ती खेळत राहिली. आणि एकीच्या मीराने मैदानातही पाढाच म्हटला. विचारलं, इथे कशाला? 'तिची सवय आहे. ती टेन्शन आलं की पाढे म्हणते.' ही मुलगी वर्षभर 'प्रेमळ' आणि 'शूर' लिहीत होती.

---

झोपलेला_ससा

मैदानातला पाढा!! जागा बदलून जे उरलं तो स्वभाव. हे आता मी वर्गात वापरणार, परवानगी गृहीत धरतो.

---

एक_बाबा

त्या सहा ओळी रात्री मुलीला वाचून दाखवल्या, न थांबता. 'मग काय झालं?' म्हणाली. मी म्हटलं, संपली. भयंकर चिडली. झोपायच्या आधी स्वतःच म्हणाली, 'ते बाबा असतील तिचे. वरच्या मजल्यावर शोधायला गेले असतील.' मी एकही प्रश्न विचारला नव्हता.

---

चौकटीबाहेर

आजवर वाचनमात्र होतो. एक खोडा घालतो. परीक्षेत 'पात्राचे दोन गुण लिहा' असाच प्रश्न येतो आणि तपासणाऱ्याकडे उत्तराची यादी असते. 'टेन्शन आलं की पाढे म्हणते' याला कोण गुण देणार?

---

पाटीपेन्सिल

@चौकटीबाहेर, प्रश्न रास्त आहे, आणि यावर सुबक उत्तर माझ्याकडे नाही. मी शेवटच्या महिन्यात मुलांना भाषांतर करायला शिकवते. 'टेन्शन आलं की पाढे म्हणते' याचं परीक्षेच्या भाषेत 'धीट' किंवा 'प्रसंगावधानी', आणि पुढे 'कारण' लिहून एक वाक्य. आधी खरं वाचन, मग भाषांतर. उलट दिशेने कधीच जमलं नाही मला.

नाट्यीकरणाचं कुणीच लिहिलं नाही म्हणून जाता जाता: एका मुलाला पात्र बनवून खुर्चीवर बसवा आणि बाकीच्यांनी त्याला प्रश्न विचारायचे. एकच अट, गोष्टीत नसलेलं उत्तर दिलं तर ते गोष्टीतल्या कशाशी तरी जुळलं पाहिजे. हूड पोरांना खुर्ची आधी द्या, नाहीतर ती प्रश्नकर्त्यांत बसून धिंगाणा घालतात.

---

वाळवी

आणि खुर्चीवर चपलावाल्याला बसवा, मीराला नको. त्याच्या बाजूने तोच जिना कसा दिसतो ते ऐकायला मजा येईल. त्यालाही अंधारातून कुणीतरी तेराचा पाढा ओरडताना ऐकू येतंय.

---

खडूधूळ

@वाळवी, आज केलं! चपलावाला खुर्चीवरून म्हणाला, 'मीच घाबरलो होतो, म्हणून मुद्दाम चपला वाजवत होतो.' वर्ग पाच मिनिटं हसत होता.

आणि तो घड्याचं चित्र काढणारा. वर्ग सुटताना त्याला सहज विचारलं, 'काय रे, मीराच्या गोष्टीत पात्रं किती?' म्हणाला, तीन. मीरा, चपलावाला आणि किल्ली.

म्हटलं, 'अरे, किल्लीला काही हवं असतं का? ती काही करते का? ती तर गोष्टीत नाहीच.'

'म्हणूनच तर मीरा बाहेर राहिली ना बाई,' म्हणाला आणि दप्तर उचलून पळाला. चारातले उरलेले तिघे आता त्याच्या बाजूने आहेत, उद्या पहिल्या तासाला माझ्याशी भांडायला येणार आहेत.